वाचकाला काय कळते आणि केव्हा कळते

गेल्या काही वर्षांत गाजलेल्या इंग्रजी प्रेमकथा, अद्भुतकथा आणि रहस्यकथा आपण उत्साहाने वाचायला घेतल्या. त्यांतल्या काहींनी आपली झोप उडवली, पण बऱ्याच ठिकाणी प्रेमकथा ओढूनताणून लांबवलेली वाटली, अद्भुतकथेची पहिली शंभर पाने पाठ्यपुस्तकासारखी जड गेली आणि रहस्यकथेच्या शेवटी फसवणूक झाल्याची भावना उरली, असे आपण मला पत्रात लिहिले आहे. हा दोष आपल्या अभिरुचीचा की पुस्तकांचा, आणि इतक्या वेगळ्या तीन प्रकारांना जोखणारी एखादी समान कसोटी असू शकते का, हा आपला मुख्य प्रश्न. यांतले मराठीत काय आणावे आणि ते आणताना काय अडचणी येतील, हेही आपण शेवटी विचारले आहे.

गेली बावीस वर्षे मी प्रकाशकांसाठी कादंबऱ्यांचे वाचन-अहवाल लिहिते आणि अनुवादांचे संपादन करते. अहवालात ‘आवडले’ किंवा ‘आवडले नाही’ एवढे लिहून भागत नाही; वाचनाची पकड कोणत्या पानावर सुटली आणि का सुटली, हे सांगावे लागते. त्यासाठी मी पुस्तक दोनदा वाचते. पहिल्या वेळी हाती पेन्सिल नसते, कारण तेव्हा मी केवळ वाचक असते. दुसऱ्या वेळी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी समासात तीन नोंदी करते: पात्रांना आता काय ठाऊक आहे, मला काय ठाऊक आहे, आणि हे लेखकाने मला नेमके याच ठिकाणी का सांगितले. या नोंदींतूनच माझी कसोटी तयार झाली. तिन्ही प्रकारांचा कस माहितीच्या वाटपात लागतो. पण प्रत्येक प्रकारात ते वाटप निराळ्या न्यायाने होते. रहस्यकथेत वाचकाला सर्व काही दिसलेले असावे लागते, फक्त त्याचा अर्थ लागलेला नसावा. प्रेमकथेत वाचकाला शेवट आधीपासून ठाऊक असतो आणि पात्रांना नसतो. अद्भुतकथेत वाचक परक्या मुलखात आलेला पाहुणा असतो, आणि तिथला कायदा त्या कायद्याचा उपयोग होण्यापूर्वी त्याला कळायला हवा. आपल्याला आलेला कंटाळा आणि झालेली चिडचिड यांचे कारण बहुतेक ठिकाणी या न्यायाच्या भंगात सापडेल, असे मला वाटते.

रहस्यकथेपासून सुरुवात करते, कारण तिथे हा न्याय सर्वांत स्पष्टपणे लिहून ठेवलेला आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच यावा, अतिमानवी शक्तींना मज्जाव असावा, शोधकाला सापडलेला दुवा तत्काळ वाचकासमोर यावा आणि शोधकाच्या साथीदाराने आपल्या मनात आलेले विचार वाचकापासून दडवू नयेत, हे त्यांतले महत्त्वाचे नियम. यांतले काही आज कालबाह्य झाले असले, तरी ‘दुवा दाखवा, अर्थ दडवा’ हे मूळ तत्त्व अबाधित आहे.

या तत्त्वाचा अलीकडचा सर्वांत कल्पक वापर मला जॅनिस हॅलेट यांच्या ‘द अपील’ (२०२१) या कादंबरीत दिसतो. एका गावातील हौशी नाट्यमंडळ, त्यातील एका कुटुंबातल्या लहान मुलीच्या आजारपणासाठी सुरू झालेली वर्गणी आणि त्यातून घडलेला गुन्हा, ही सारी हकिकत केवळ ई-मेल, मोबाइलवरचे निरोप आणि कागदपत्रे यांतून उलगडते. दोन शिकाऊ वकिलांपुढे हा गठ्ठा ठेवला जातो आणि तोच आपल्याही पुढे असतो, त्यामुळे शोधकाला ठाऊक आणि वाचकाला अज्ञात असे काही उरतच नाही. पण खरी मौज त्याच्या पुढे आहे. कोण कोणाला लिहिते, कोण उत्तर देत नाही आणि कोणाचे पत्र गठ्ठ्यात नाहीच, हेही वाचकाने टिपायचे असते. अनुपस्थिती हाच दुवा व्हावा, ही कल्पना जुनी असली, तरी पत्रव्यवहाराच्या रूपाला ती इतकी स्वाभाविकपणे चिकटलेली मी पूर्वी पाहिली नव्हती. दुसऱ्या वाचनात माझे समास भरून गेले, आणि लेखिकेने एकाही ठिकाणी खोटे सांगितलेले मला आढळले नाही.

जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही कादंबरी तितकी अलीकडची नाही. मूळ जपानी पुस्तक २००५ सालचे आणि इंग्रजी अनुवाद २०११ सालचा. तरीही तिचा उल्लेख टाळणे मला शक्य नाही. खून कोणी केला हे सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांसमोर घडते, शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक त्या स्त्रीला गुन्हा लपवायला मदत करतो हेही आपण पाहतो, आणि इतके सारे कळूनही शेवटी आपण चकतो. या पुस्तकाला मानाचे नाओकी पारितोषिक मिळाले आणि त्याच वेळी जपानमध्ये वादही झाला: ज्या काटेकोर कोड्याच्या परंपरेला तिथे ‘होन्काकू’ म्हणतात, तिच्यात ही कादंबरी बसते का? माझ्या मते बसते, कारण जे दडवले गेले ते दडवण्यासाठी लागणारे सगळे सामान वाचकासमोर मांडलेले आहे. आणि तिचा गाभा हा एका मुक्या, एकतर्फी प्रेमाचा असल्यामुळे उकल कळल्यावर केवळ बुद्धीचे समाधान होत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखे होते.

रिचर्ड ऑस्मन यांच्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’ने (२०२०) आपली निराशा केली, असे आपण लिहिले आहे आणि ते मला पूर्णपणे समजते. केंट परगण्यातील वृद्धांच्या वसाहतीत चार जण जुन्या, न सुटलेल्या प्रकरणांचा अभ्यास करत असताना खरा खून घडतो. पण कोडे म्हणून पाहिले तर उकलीचे महत्त्वाचे धागे आपल्या हाती उशिरा येतात, आणि काही तर येतच नाहीत. मात्र त्या पुस्तकाचा वायदा मुळातच निराळा आहे, असे माझे मत झाले आहे. जॉइसची रोजनिशी, एलिझाबेथचा स्मृती गमावत चाललेला नवरा, मित्रांच्या जाण्याची सवय करून घेणारी माणसे यांच्या सहवासासाठी ते पुस्तक वाचावे. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक रहस्यकथांवर मराठी वाचकांची एक अख्खी पिढी वाढली, तीसुद्धा कोड्याच्या न्याय्य मांडणीसाठी नव्हे. झुंजार आणि काळा पहाड यांच्याकडून वाचकाला वेग आणि धाडस हवे होते, आणि ते त्याला पुरेपूर मिळत असे. म्हणून ऑस्मन यांच्या पुस्तकाला मी रहस्यकथा म्हणून कमी गुण देईन आणि म्हातारपणावरची कादंबरी म्हणून मनापासून शिफारस करीन. अहवालात हे दोन्ही निर्णय वेगवेगळे लिहिणे मला आवश्यक वाटते.

आता प्रेमकथा. इथे शेवट लपवण्याचा प्रश्नच नसतो. प्रेमाची कहाणी केंद्रस्थानी असावी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी असावा, अशी या प्रकाराची व्याख्या अमेरिकेतील प्रेमकथालेखकांच्या संघटनेनेच केलेली आहे. शेवट ठाऊक असताना वाचक पाने का उलटतो? कारण ही दोघे एकत्र येणार हे त्याला ठाऊक असते, पण ज्या दोन विशिष्ट माणसांची ओळख त्याला होत आहे ती कशी काय येऊ शकतील, हे कळत नसते. त्यामुळे अडथळ्याचा दर्जा हाच प्रेमकथेचा दर्जा ठरतो. दोघांनी एकदा समोरासमोर बसून पंधरा मिनिटे मोकळेपणाने बोलल्यावर जो अडथळा विरून जाईल, त्यावर साडेतीनशे पाने उभी राहू शकत नाहीत. आपल्याला जे ‘ओढूनताणून’ वाटले ते बहुधा हेच.

एमिली हेन्री यांची दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहिली की हा फरक नीट कळतो. ‘बुक लव्हर्स’ (२०२२) मधील नोरा ही न्यूयॉर्कमधील साहित्य-अभिकर्ती, म्हणजे लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी व्यवहार करणारी, आणि चार्ली हा संपादक. तिचे सारे आयुष्य त्या शहराशी आणि त्या कामाशी बांधलेले आहे. तो आईवडिलांच्या अडचणीपायी आपल्या लहान गावी अडकलेला आहे. दोघेही एकमेकांना ओळखतात, स्पष्ट बोलतात, एकमेकांचे म्हणणे समजून घेतात आणि तरीही अडचण जागच्या जागी राहते, कारण ती गैरसमजातून आलेली नसून दोघांच्या कर्तव्यांतून आलेली आहे. पुस्तकाच्या व्यवसायात आयुष्य घालवलेल्या मला त्यातली हस्तलिखितावरची चर्चा आणि त्या चर्चेतूनच वाढत जाणारी जवळीक फार खरी वाटली. दोन माणसे तिसऱ्या कोणाचे लेखन सुधारत असताना एकमेकांना ज्या पद्धतीने ओळखू लागतात, तशी ओळख गप्पांतून होत नाही.

‘हॅपी प्लेस’ (२०२३) मध्ये हॅरिएट आणि विन यांचे ठरलेले लग्न मोडले आहे, पण मित्रमंडळींच्या वार्षिक सुट्टीत ते एकत्र असल्याचे नाटक करतात. प्रकरणे आलटून पालटून भूतकाळात आणि वर्तमानात जातात. इथे लेखिका प्रेमकथेला रहस्यकथेचे तंत्र लावते: ही दोघे का दुरावली हे आपल्याला तुकड्यातुकड्यांनी कळते. मैत्रीचे चित्रण सुंदर आहे, आणि तिशीच्या उंबरठ्यावर जुनी मैत्री बदलते तेव्हाची कातर अवस्था फार थोड्या लेखकांना इतकी जमली आहे. मात्र मधल्या शंभरेक पानांत माझ्या समासात पुन्हा पुन्हा एकच नोंद आली आहे: ‘हे ती त्याला आत्ताच का विचारत नाही?’ रहस्यकथेत दडवलेली गोष्ट वाचकाची जिज्ञासा वाढवते. प्रेमकथेत तीच गोष्ट दोघांमधील विश्वासावरची आपली श्रद्धा कमी करते. हा धोका लेखिकेने पत्करला आणि काही अंशीच निभावला.

अद्भुतकथेबद्दलची आपली तक्रार सर्वांत रास्त आहे. ब्रँडन सँडरसन या अद्भुतकथाकारांनी २००७ साली एक नियम मांडला, त्याचा आशय असा: जादूच्या साहाय्याने संकट सोडवण्याचा लेखकाचा अधिकार वाचकाला ती जादू किती समजली आहे, त्या प्रमाणातच असतो. हा नियम योग्यच आहे, पण त्याचा चुकीचा अर्थ घेऊन कित्येक लेखक पहिल्या शंभर पानांत राजघराणी, नकाशे, जादूचे प्रकार आणि दोनशे वर्षांचा इतिहास वाचकावर ओततात. वाचकाला कायदा कळला पाहिजे हे खरे. मात्र तो एखाद्या माणसाच्या गरजेतून कळला पाहिजे. रेबेका यारोस यांच्या ‘फोर्थ विंग’ (२०२३) मध्ये याचे एक चांगले उदाहरण आहे. नायिका व्हायलेट हिची तयारी ग्रंथपालनाच्या मार्गाची झालेली असते, पण आईच्या हुकुमामुळे तिला ड्रॅगनस्वारांच्या युद्धशाळेत जावे लागते. पाय घसरला तर मृत्यू, अशा अरुंद कठड्यावरून चालताना ती भीती आवरण्यासाठी आपल्या देशाची पाठ केलेली माहिती स्वतःशी घोकते. ती माहिती वाचकाला हवीच असते, पण त्या क्षणी ती ऐकताना आपले लक्ष तिच्या पावलांवर असते. ही युक्ती साधी आहे आणि पुरेपूर यशस्वी आहे.

सुझॅना क्लार्क यांची ‘पिरानेझी’ (२०२०) ही मात्र वेगळ्याच उंचीवरची आहे, आणि आपण ती अर्धवट सोडली असेल तर कृपा करून पुन्हा हाती घ्या. अथांग दालने, हजारो पुतळे आणि खालच्या मजल्यांवर येणारी समुद्राची भरती अशा एका घरात एक माणूस राहतो, रोजनिशी लिहितो आणि मंगळवारी व शुक्रवारी दुसऱ्या एका माणसाला भेटतो. तो ज्या वस्तूंची भोळेपणाने वर्णने करतो त्या आपण ओळखतो, पण तो ओळखत नाही. म्हणजे इथे अद्भुतकथेचा नेहमीचा क्रम उलटा झाला आहे: परका मुलूख निवेदकाच्या परिचयाचा आहे, आणि आपल्या परिचयाचे जग त्याला परके आहे. त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक कळत असल्यामुळे त्याच्याविषयी जी काळजी दाटून येते, ती मी वाचलेल्या कोणत्याही अद्भुतकथेत मला जाणवली नव्हती. या पुस्तकाला २०२१ सालचे विमेन्स प्राइझ मिळाले. आकार लहान आहे, आणि एकही दालन वाया गेलेले नाही.

याच्या उलट ट्रॅव्हिस बॉल्ड्री यांच्या ‘लेजेंड्स अँड लाते’ (२०२२) मध्ये तलवार खाली ठेवून कॉफीचे दुकान काढणाऱ्या एका ऑर्क (अद्भुतकथांतील धिप्पाड, राक्षसासारख्या जमातीतील) स्त्रीची कथा आहे. ती आल्हाददायक आहे, दमलेल्या संध्याकाळी वाचावी अशी आहे, पण तिच्यात कोणाला काही कळण्याने फारसे काही बदलत नाही, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही.

आजच्या पुस्तकांत हे प्रकार वेगळे राहिलेले नाहीत, ही आपल्या गोंधळामागची आणखी एक गोष्ट. प्रेम आणि अद्भुत यांच्या मिश्रणाला हल्ली ‘रोमँटसी’ म्हणतात आणि ते नवे असल्यासारखे बोलले जाते. मराठी वाचकाला ते नवे वाटू नये. आपली कादंबरी लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’ (१८६८) यांपासून बाळसे धरू लागली, आणि त्या कथांना आपण ‘अद्भुतरम्य’ म्हणत आलो आहोत. मिश्रणात दोष नाही. दोन प्रकारांचे माहितीचे न्याय एकमेकांना छेदतात तिथे लेखकाची परीक्षा असते. ‘फोर्थ विंग’च्या पहिल्या भागात हे जमते, कारण नायक झेडन याच्या वडिलांना झालेल्या मृत्युदंडात व्हायलेटच्या आईचा हात आहे. हा अडथळा खरा आहे आणि त्या जगाच्या इतिहासातूनच निघालेला आहे. ‘आयर्न फ्लेम’ (२०२३) या दुसऱ्या भागात मात्र तो सगळे सांगत नाही, ती सगळे विचारत नाही, आणि राज्याची गुपिते व नात्यातली गुपिते यांची सरमिसळ होऊन दोघांचे तेच भांडण वारंवार घडते. कटाच्या कथेला गुपित लागते आणि प्रेमकथेला ते जाचते. लेखिकेने कोणत्या ठिकाणी कोणाला झुकते माप द्यायचे हे ठरवलेले दिसत नाही. प्रसंगांचा वेग मोठा असल्याने पहिल्या वाचनात हे खुपत नाही, दुसऱ्या वाचनात फार खुपते.

मिश्रण कसे साधावे हे पाहायचे असेल तर रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची ‘द टेन्टेड कप’ (२०२४) पाहावी. तिला २०२५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि माझ्या मते तो सर्वस्वी योग्य होता. दर पावसाळ्यात समुद्रातून येणाऱ्या महाकाय प्राण्यांपासून तटबंदीने स्वतःला वाचवणारे एक साम्राज्य आहे. तिथे वनस्पतींच्या अर्कांनी माणसांची शरीरे आणि बुद्धी बदलली जाते. अशा जगात एका अधिकाऱ्याच्या शरीरातून झाड उगवून त्याचा मृत्यू होतो. नॉक्स यांनी अतिमानवी शक्तींना रहस्यकथेत बंदी का केली होती? कारण काहीही घडू शकत असेल तर अनुमानाला अर्थ उरत नाही. बेनेट त्या जगातील प्रत्येक चमत्काराला मर्यादा, किंमत आणि हिशेब देतात, त्यामुळे चमत्कार हाच पुरावा होतो. शोधक ॲना डोलाब्रा सहसा घर सोडत नाही आणि डोळ्यांवर पट्टी बांधून बसते. तिचा तरुण साहाय्यक डिन याला पाहिलेले आणि ऐकलेले सर्व काही तंतोतंत आठवण्याची शक्ती दिलेली आहे. तो घटनास्थळी जातो, आपण त्याच्याबरोबर जातो, आणि परत येऊन तो तिला जे सांगतो ते आपण पाहिलेले असते. साथीदाराने काही दडवू नये हा नॉक्स यांचा नियम इथे पात्राच्या शरीररचनेतच बसवला आहे. अद्भुतकथेतील एक शक्ती रहस्यकथेतील न्यायाची हमी म्हणून वापरण्याची ही युक्ती मला त्या पुस्तकातील सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

म्हणजे आपल्या अभिरुचीत दोष नाही. फक्त मत बनवताना पुस्तकाने पहिल्या तीस पानांत कोणता वायदा केला होता, हे एका वाक्यात लिहून ठेवावे आणि चिडचिड झाली तो पृष्ठक्रमांक शेजारी लिहावा. मग ती चिडचिड लेखकाने वायदा मोडल्यामुळे झाली की आपण दुसराच वायदा गृहीत धरल्यामुळे, हे बहुधा आपले आपल्यालाच दिसेल.

मराठीत काय यावे, या प्रश्नाला माझे उत्तर ‘द अपील’ असे आहे, आणि त्यातली अडचण आपल्या भाषेच्या घडणीतच आहे. इंग्रजीत ‘मी’ म्हणणारा पुरुष की स्त्री हे कित्येक पाने झाकून ठेवता येते. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हटले की ते उघड होते, आणि ते झाकायचे तर वाक्यरचना बदलावी लागते. संबोधनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. इंग्रजी पत्रात सर्वांना एकच सर्वनाम चालते. मराठीत कोण कोणाला ‘तू’ म्हणतो, कोण ‘तुम्ही’ म्हणतो आणि कोणत्या तारखेपासून ‘तुम्ही’चे ‘तू’ होते, यावरून दोघांमधील जवळीक, दर्जा आणि कधी कधी लपवलेले नातेही कळते. प्रेमकथेच्या अनुवादात ही आपली मिळकत आहे. नोरा आणि चार्ली यांच्यातला तो बदल मराठीत एका ओळीत येईल आणि ती ओळ वाचकाच्या लक्षात राहील. रहस्यकथेत मात्र तीच गोष्ट लेखिकेने न दिलेला दुवा वाचकाच्या हाती देऊ शकते. म्हणून असा अनुवाद माझ्याकडे संपादनाला आला, तर पहिले पान तपासण्यापूर्वी मी अनुवादकाकडून एक तक्ता मागून घेईन: सर्व पत्रलेखकांची नावे उभी आणि आडवी मांडलेली, आणि प्रत्येक चौकटीत पुस्तकाच्या सुरुवातीला कोणते संबोधन आहे व ते कोणत्या पानावर बदलते याची नोंद. त्या तक्त्यात जिथे खोडाखोड दिसेल, तिथे मूळ पुस्तकात लेखिकेने काहीतरी दडवलेले असेल, असे समजून ती पत्रे मी सर्वांत आधी वाचीन.